सुखदेव अमेरिकेला गेला नव्हता

सुखदेव, तू अमेरिकेहून घरी येता येता वारलास, असं सौंसरात ठरलेलं आहे. ठरवलं मीच. मुंबईला विमानातून उतरलास, नागपूरपर्यंत पोचलास आणि तिथं काविळीनं गाठलं. तुला घेऊन आलेल्या गाडीचं दार उघडायच्या आत मी ही हकीकत जमलेल्या माणसांना सांगून मोकळा झालो होतो. तू झाकलेला होतास म्हणून जमलं. नाहीतर उठून माझी कॉलर धरली असतीस.

परवा तुझं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, मग बोलणारे उभे राहिले. आठ जण बोलले आणि आठही जणांच्या भाषणात बर्फ पडला. एकानं तर तुझ्या दारापुढचा बर्फ फावड्यानं काढून दाखवला. बाहेर मे महिना, पत्रे तापून कडकड वाजत होते, आणि मंडपात सगळे बर्फात गुडघाभर. तो बर्फ माझा, सुखदेव. पाच वर्षं मी तो थोडा थोडा पाडत आलो. फोटोखाली कोणीतरी रंगीत खडूनं 'अमेरिका रिटर्न' लिहिलं होतं. तुझी माय फोटोशेजारी बसून ते सगळं ऐकत होती.

तू खरा कुठं होतास हे तिला सांगायचं राहिलं आहे. दवाखान्यात तू मला ते एकच काम सांगितलं होतंस, आणि मी हो म्हटलं होतं. माझ्या 'हो'ला सौंसरात काय भाव आहे हे तुला ठाऊक आहे. म्हणून आधी तुझ्यासमोर सगळं एकदा सरळ लावून पाहतो. खोटं कुठं घातलं ते मलाच आता आठवत नाही, इतकं ते मुरलं आहे.

ऐंशी साल नुकतंच लागलेलं. आपण दोघं सौंसरचे, आणि शिकायला पांढुर्ण्याला, हाडवैद्य काकांच्या अंगणात. मला बापानं धाडलं, कारण घरात एक तोंड कमी बोललं तर सगळ्यांना झोप लागेल असं त्याचं मत होतं. तुला मायनं धाडलं. कापूस वेचताना आठ वर्षांचा तू मजुरीवरच्या बायांचे मुरगळलेले पाय चोळून देत होतास, आणि बाया उठून चालत होत्या. मी हे सांगताना नेहमी म्हणतो की त्या धावत होत्या. चालत होत्या. खरं लिहायचं ठरलं आहे.

काकांची शाळा म्हणजे एक टोपली संत्री आणि एक घोंगडी. घोंगडीखाली हात घालायचा, संत्र्यावर फक्त अंगठा फिरवायचा आणि न सोलता आतल्या फोडी मोजायच्या. साल दबलं तर नापास. आपल्याकडच्या संत्र्याचं साल सैल, आत फोडी हलतात; माणसाच्या कातड्याखाली हाडं अशीच असतात, काका म्हणत. पहिली दोन वर्षं माणसाला हात लावायचा नाही. मी तेवढ्यात तीन लाख संत्री मोजली. बरं, तीन हजार. जेवढी मोजली त्याहून जास्त खाल्ली, एवढं मात्र नक्की.

"वामन्या, किती?"

"दहा, काका."

"अन् हे?"

"दहा."

"अन् हे रे?"

"हेही दहाच निघून राहिलं, काका. यंदा बहारच तसा आहे."

बहुतेक संत्र्यांत दहाच्या आसपास फोडी असतात, हे मला पहिल्याच आठवड्यात खाता खाता कळलं होतं. काका माझ्या पाठीत एक घालायचे आणि संत्रं तुझ्याकडे सरकवायचे. तू डोळे मिटून अंगठा फिरवायचास, इतका हळू की मी तेवढ्यात एक झोप काढून घेई. मग म्हणायचास, "अकरा. त्यातली एक बारकी हाय, दोघींच्या मधी दबून." सोललं की अकरा. आणि ती बारकी तिथंच, दबून बसलेली.

तिसऱ्या वर्षी तो गाडीवान आला. पाठ महिनाभर दुखत होती. काकांनी नेहमीसारखा पालथा निजवला, मणक्यावर हात ठेवला आणि दाबलं. माणूस ओरडला. दुसऱ्या दिवशी त्याचे पाय उठेनात. नागपूरच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं की मणक्याला क्षय होता, आतून पोखरून निघाला होता. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी टोपली पुन्हा बाहेर काढली आणि मी घोंगडीखाली हात घातला. तू घातला नाहीस.

"काय झालं बे?" मी विचारलं.

"सालाखालचं अंगठ्याले समजते, वामन. फोडीच्या आत कीड असली तं नाई समजत."

काका ऐकत होते.  मला वाटतं, तुझा खरा अभ्यास त्या दिवशी सुरू झाला, आणि मी मात्र त्या दिवशीही 'दहा'च म्हणालो.

लोधीखेड्याच्या व्यापाऱ्याचा तो अमेरिकेतला जावई आठवतो? शनिवारी काका जामसांवलीच्या मारुतीपाशी झाडाखाली बसत, आपण दोघं सोबत. जावईबापू देवापुढे वाकले आणि तसेच राहिले. मागची रांग थांबली. लोकांना वाटलं, केवढा भक्त! एक म्हातारी तर त्यांच्याच पाया पडून गेली. चौघांनी उचलून, वाकलेलेच, आपल्याकडे आणले. काका हात लावणार तेवढ्यात तू मधे पडलास. ताप येतो का, रात्री जास्त दुखतं का, पायात मुंग्या येतात का, लघवीला त्रास आहे का. दहा प्रश्न. काका तुझ्याकडे बघत राहिले. सगळ्या प्रश्नांना 'नाही' मिळाल्यावरच तू बापूंना कुशीवर वळवलंस, एक हात खांद्यावर, एक कमरेवर, आणि खट्. बापू उभे! माझ्या गोष्टीत ते तिथंच नाचतात. तुला खरं माहीत आहे, ते रडले होते.

"आमच्याकडे याला कायरोप्रॅक्टर म्हणतात," ते म्हणाले. "त्याचं कॉलेज असतं. तू पत्र लिही."

तू लिहिलंस. डिक्शनरी मांडीवर घेऊन, आठवी शिकलेल्या इंग्रजीत. चार महिन्यांनी तुझ्या सौंसरच्या पत्त्यावर परदेशी तिकिटांचं जाडजूड पाकीट आलं, आणि तू ते महिनाभर वाचलंस. मला समजावून सांगायचास, अंगणात, काका झोपले असताना, भर दुपारी. आधी शाळा पुरी पाहिजे, शास्त्र घेऊन. मग दोन वर्षं साधं कॉलेज: रसायन, भौतिक, जीवशास्त्र, प्रयोगासकट. मग त्यांचं स्वतःचं कॉलेज, चार वर्षं, चार हजारांच्या वर तास. त्यात मेलेल्या माणसाचं शरीर उघडून एकेक नस पाहायची. एक्स-रे काढायला अन् वाचायला शिकायचं. कोणता आजार कशासारखा दिसतो ते शिकायचं. शेवटी कॉलेजच्याच दवाखान्यात मास्तरच्या डोळ्यांपुढं माणसं तपासायची. मग परीक्षा, अन् परीक्षेनंतर सरकारचा परवाना.

"अन् हाताचं काम कधी शिकवून राहिले ते?" मी म्हटलं.

"शिकवतात ना. पण आधी कोणाले हात लावू नये हे शिकवतात. बाप्पा, किती पानं हायत त्याचीच!"

"एवढ्याले सहा वर्षं? काकांनी तं एका टोपलीत शिकवलं!"

"काकांनी हात शिकवले, वामन. थांबणं नाई शिकवलं. त्यायलेच कोणी नाई शिकवलं."

हा आपला वाद. मी हसलो, कारण तुझं खरं होतं. तसं हसणं माझं नेहमीचंच.

तुला अमेरिकेला जायचंच नव्हतं. हे कोणी विचारलं असतं तर तू सांगितलंही असतंस. तुझं म्हणणं एवढंच होतं की त्या यादीतली पहिली ओळ तरी पुरी करू. पहिली ओळ होती शाळा. तू सौंसरला हायर सेकंडरीचा प्रायव्हेट फॉर्म भरलास, प्रॅक्टिकलसाठी बायलॉजीच्या गुरुजींची मनधरणी केलीस, आणि पांढुर्ण्याला परत येऊन काकांच्या ओसरीवर बेडकाच्या पोटाची चित्रं काढत बसलास.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात मी सौंसरला गेलो. स्टँडसमोर चहा प्यायला बसलो. पोस्टमननं कोणाला तरी पाकिटाचं सांगितलेलं होतं. "सुखदेवले अमेरिकेचं पत्र आलं म्हणते, खरं काय रे वामन?" मी म्हटलं, खरं. एवढ्यावर थांबलो असतो, सुखदेव! पण चहा गरम होता, आणि दहा माणसं माझ्या तोंडाकडे बघून राहिली होती. म्हटलं, पत्र कसलं, ॲडमिशन आहे. दुसऱ्या कपाला म्हटलं, चाळीस हजार तासांचा कोर्स आहे, घड्याळ तेच देतात. तिसऱ्या कपाला तिथल्या राष्ट्राध्यक्षाची पाठ धरली होती. चौथ्या कपाला कोणीतरी विचारलं, "मंग जाऊन कधी राहिला?" आणि मी म्हटलं, "येत्या शनिवारी."

शनिवारी तू परीक्षेचं प्रवेशपत्र घ्यायला येणार होतास. तेवढी एकच गोष्ट मी त्यात खरी घातली होती.

तू बसमधून उतरलास आणि गळ्यात हार पडला. बँड वाजला. शाळेच्या पटांगणात मंडप. तू गर्दीतून मला शोधत होतास, मी खांबामागे होतो. माझ्याजवळ आलास तेव्हाचा तुझा चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

"काय केलं बे हे? मी आत्ताच माईक घेऊन सांगतो."

"सांग," मी म्हटलं. "पण आधी तिकडं पाह्य."

स्टेजवर हेडमास्तर, दोन व्यापारी, ग्रामसेवक, आणि मधल्या लोखंडी खुर्चीत तुझी माय. नवं लुगडं, गळ्यात झेंडूचा हार, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. त्या पटांगणाच्या कडेनं ती जन्मभर ओझी घेऊन गेली होती. तिला तिथं खुर्ची कोणी दिली नव्हती. ती दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे धरून बसली होती. कोणी उठ म्हटलं तर उठायला लागेल, म्हणून असेल.

तू बघितलंस. माईककडे गेलास आणि म्हणालास, "सगळ्यांचे आभार." झालं. मी तुला नागपूरच्या बसमध्ये चढवलं. "दोन-चार दिवस जाऊ दे, मी सांभाळतो," असं कानात सांगितलं. लोकांनी खिडकीतून इतकी संत्री दिली की कंडक्टर त्यांचं तिकीट मागत होता. पुढच्या सोमवारी तुझा बायलॉजीचा पेपर होता.

दोन-चार दिवसांची पाच वर्षं झाली. तू नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत कामाला लागलास. अर्धं सौंसर हातपाय मोडून त्याच दवाखान्यात यायचं, म्हणून तू टोपी अन् मास्क सोडत नव्हतास. आपल्या गावच्या माणसांना तू चेहऱ्याआधी घोट्यावरून ओळखायचास, हे तू मला हसत सांगितलंस. ज्यांनी तुला हार घातले, त्यांच्याच हातांना तू ओल्या पट्ट्या गुंडाळत होतास, तोंडातून शब्द न काढता.

तिथं तू ती सगळी यादी शिकलास. एक्स-रे धरून नवशिक्या डॉक्टरांना दाखवायचास: साहेब, इथं पाहा. त्यांची टाकून दिलेली पुस्तकं वाचलीस. सगळं शिकलास, फक्त पहिली ओळ राहिली. नागपूरहून परीक्षेला बसायचं तर सौंसरच्या शाळेतली टी.सी. पाहिजे, आणि अमेरिकेतला माणूस टी.सी. घ्यायला सौंसरला येणार कसा? तू मला सांगितलंस, "वामन, एवढं आणून दे." मी दर वेळी म्हटलं, पुढच्या खेपेला. ऑफिसात गेलो असतो तर क्लार्कनं विचारलं असतं, अमेरिकेत आपली टी.सी. कायले लागते? उत्तर मला सुचलंही असतं, मला काय सुचत नाही! पण गोष्टीला उगीच भोक पडेल, म्हणून गेलो नाही. तुझं शिक्षण अडलं ते या एवढ्यासाठी. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू समजायचास की क्लार्क त्रास देऊन राहिला.

तुझी पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, निळी अंतर्देशीय. मी ती मायला वाचून दाखवायचो. तू लिहायचास, 'मायले खोकला आहे का.' मी वाचायचो, 'माय, इथं बर्फ पडून राहिला.'

"तिथं कापूस होते का रे?" ती विचारायची.

"होते ना, माय. हा एवढा एवढा. बोंड नारळाएवढं."

"मंग वेचाले बरं पडत असन," ती म्हणायची.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती अंगणात घसरून पडली आणि मनगट मोडलं. सौंसरचा डॉक्टर म्हणाला, नागपूरला न्या. नागपूर म्हणजे तो दवाखाना, आणि तो दवाखाना म्हणजे तू. मी म्हटलं, "कायले नागपूर? मी काय मेलो का? काकांचा शिष्य हाय मी." मी अंगठा फिरवला, बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड वाकडं जुळलं. त्या हातानं तिला आता भाकरी थापता येत नाही.

तुला कळलं तेव्हा तू मला दवाखान्याच्या जिन्याखाली नेलंस. तू कधी आवाज चढवत नव्हतास, तेव्हाही चढवला नाहीस.

"दहा मिनिटांचं काम होतं, वामन. माह्या समोर बसवली असती तं मी तोंडही उघडलं नसतं. मास्क होता ना."

"तिनं तुले ओळखलं असतं."

"ओळखू द्यायचं होतं!"

मी यावर एक गोष्ट सांगायला लागलो, कोणत्या तरी राजाच्या वाकड्या मनगटाची. तू ऐकून न घेता आत गेलास. आपला तो वाद तिथंच राहिला. नंतर भेटलो तेव्हा तू खाटेवर होतास, डोळे हळदीसारखे. म्हणालास, "आता मायले खरं सांग. मी बरा होवो का न होवो." मी हो म्हटलं.

इथवरचं काल लिहिलं. आज सकाळी तुझ्या घरी गेलो. चपला दारात मुद्दाम तिच्या हाताला येतील अशा काढल्या. मला मारायला तिला एखादी लागली तर शोधायला नको. ती भिंतीला टेकून बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. पहिल्यांदा आयुष्यात काही वर न घालता सांगितलं, म्हणून चार वाक्यांत संपलं.

"माय, सुखदेव अमेरिकेले गेलाच नाही. पाच वर्षं तो नागपुरात होता. दवाखान्यात लोकांचे हातपाय नीट करत होता. अमेरिका मी बनवली."

तिनं चपलेकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नागपुरात?"

"हो."

"आपल्या नागपुरात?"

"हो, माय."

बाहेर पहिली बस निघायची वेळ होती. तुला माहीत आहे, त्या बसमध्ये कंडक्टरच्या सीटमागे डब्यांची रांग असते. ज्यांची पोरं नागपुरात शिकतात त्यांच्या घरचे डबे, फडक्यात बांधलेले, वर नावं लिहिलेले. सकाळी भरलेले जातात, संध्याकाळी रिकामे येतात. शेजारणीच्या पायाला त्रास म्हणून तिच्या लेकाचा डबा रोज स्टँडवर नेऊन देणारी तुझी मायच. तीन वर्षं नेते आहे.

तिनं दाराबाहेर, स्टँडच्या दिशेनं पाहिलं. मग म्हणाली, "मंग डबा तं पाठवता आला असता ना, वामन."

तिनं वाकडा हात मांडीत घेतला.

"काय खात होता तो तिथं?"

तोंडाशी आलंच होतं, सुखदेव. मेस होती, माय, गरम फुलके, रविवारी गोड, वाढणारी बाई अगदी तुझ्यासारखी. एका श्वासात एकवीस पदार्थ वाढले असते मी. पाच वर्षं मी तुझ्याकडे आलो, तुझाच चहा प्यालो, माझ्याच गोष्टी सांगितल्या आणि परतीची बस धरली. तू काय जेवतोस, हे मी तुला एकदाही विचारलं नव्हतं.

"माहीत नाही, माय," मी म्हटलं.